उड्डाणपुलावर शहाणी, द्वारकेला वेडी

डिसेंबरपासून आमची गाडी दोन तोंडांनी वागत होती. मी एकटी कामावर निघाले की पंचवटीच्या बाजूने उड्डाणपुलावर चढते आणि थेट पाथर्डी फाट्याकडे उतरून अंबडला जाते. त्या सगळ्या वाटेत तक्रारीला जागा नाही. पिकअप नीट, आवाज नीट. पण ज्या दिवशी लेकीला नाशिकरोडला क्लासला सोडायचं असतं, त्या दिवशी पुलाखालून द्वारकेच्या चौकात जावं लागतं. द्वारका म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी, कायम तुंबलेला चौक. तिथे थांबलं की गाडीच्या अंगात यायचं. पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, आणि रेस आपोआप चढायची, मग एकदम पडायची, पुन्हा चढायची. हूँऽऽ… हूँऽऽ… शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा, त्याला वाटायचं बाई हॉर्नऐवजी रेस देतेय.

"आई, गाडी घोरतेय," लेक म्हणायची.

गाडी २०११ ची आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलात तर अशी एक तरी दिसेलच.

आधी पैसे कुठे घातले ते सांगून टाकते. एका वर्कशॉपमध्ये थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा आवरणाऱ्या झडपेचं घर, साफ करून घेतली. चार दिवस बरं वाटलं, किंवा बरं वाटतंय असं वाटलं. मग तीन प्लग बदलले. मग "एक कॉइल वीक वाटतेय" म्हणून ती बदलली. एकूण ४,३५० रुपये. घोरणं जसंच्या तसं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन सिलिंडर आहे, थोडं हलणारच."

हे वाक्य मला फार लागलं. तीन सिलिंडरचं इंजिन थरथरतं हे खरं आहे, पण ते एकसारखं थरथरतं. धाप लागल्यासारखं वरखाली होत नाही.

लाज वाटायचं कारण आणखी एक. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि कॉम्प्रेसर, एअर लाइन हा माझाच प्रांत. साडेसहा बारची लाइन कुठे फुटली असेल तर ते शोधणं हे माझं रोजचं काम. साप्ताहिक सुट्टीला मशीन बंद असताना शॉपमध्ये नुसतं उभं राहायचं. कुठूनतरी सूंऽऽ ऐकू येतं. त्या दिशेने जायचं, साबणाचं पाणी मारायचं, फुगा आला की खडूने खूण करायची. पंधरा वर्षं हे करतेय. तरी घरच्या गाडीबद्दल डोक्यात आलं नाही, कारण कारखान्यात हवा बाहेर येते आणि गाडीत ती आत जाते. फुगाच येत नाही तर शोधणार काय?

शेवटी चाचांकडे गेले. द्वारकेच्या अलीकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जीपपासूनची ओळख. चाचांनी बोनेट उघडायच्या आधीच काच खाली करायला सांगितली, दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, आत्ता तर छान चालतेय. पण तुम्ही सांगता तसं असेल तर हवा खेचत असणार कुठूनतरी."

हवा खेचते. एवढ्या दोन शब्दांसाठी मला ४,३५० रुपये लागले.

झालं असं की आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद ठेवून चालतं. पिस्टन हवा ओढत राहतात, वरून हवा पुरेशी येत नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे झडपेपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब बाहेरच्या एक तृतीयांशावर येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे बाहेरचाच दाब ९४-९५ किलोपास्कल असतो. आत ३२ ते ३४. म्हणजे मॅनिफोल्डला, त्याच्या पॅकिंगला, त्याला जोडलेल्या प्रत्येक रबरी पाइपला बाहेरून ६० किलोपास्कलची हवा ढकलत असते. जरा फट सापडली की घुसली. आणि ही हवा थ्रॉटलमधून आलेली नसल्यामुळे तिला आवरायला कुणी नसतं.

उड्डाणपुलावर गाडी शहाणी का, तेही यातच आहे. पुलावर थ्रॉटल उघडी, इंजिनला भरपूर हवा जातेय, आतबाहेरच्या दाबातला फरकही कमी झालेला. त्यात चोरवाटेने आलेली थोडी हवा खपून जाते. द्वारकेला उभं राहिलं की इंजिनाचं पोटच लहान होतं.

किती लहान, याचा मी एका रात्री हिशेब केला. सवयच आहे. ९९८ सीसी, मिनिटाला ८०० फेरे, चार स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांना एकदा इंजिन आपल्या मापाची हवा आत घेतं. म्हणजे मिनिटाला ४०० लिटरच्या आसपास, पण ती तिपटीने विरळ. बाहेरच्या दाबाच्या मापात फार तर १३० लिटर. आता तीन मिलिमीटरचं एक भोक धरा. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून खाली गेला की भोकातून हवा आवाजाच्या वेगाने जाते, त्याहून जास्त जाऊ शकत नाही. त्या हिशेबाने मिनिटाला ५०-६० लिटर. आगपेटीच्या काडीपेक्षा जरासं मोठं भोक, आणि इंजिनाच्या गरजेची जवळपास निम्मी हवा तिथून! मी आकडा दोनदा तपासला.

मग चेक इंजिनचा दिवा का लागला नाही? माझ्या गाडीत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा आहे, एमएपी म्हणतात तो. चोरटी हवा शिरली की दाब वाढतो, सेन्सर तो इमानदारीने कळवतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणतो हवा जास्त आहे तर पेट्रोलही जास्त सोडू. हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतच नाही फारसं, फक्त रेस चढते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत शिरलेली हवा मोजणीतून सुटते, मिश्रण पातळ होतं, इंजिन मिसिंग करतं आणि बऱ्याचदा पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येतो. माझ्याकडे कोड नाही, दिवा नाही. एव्हरेज मात्र अठरावरून पंधरावर आलेलं, आणि त्याचं खापर मी द्वारकेच्या ट्रॅफिकवर फोडत होते.

रेस वरखाली का व्हायची ते चाचांनी माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. पाय ॲक्सिलरेटरवर नाही तरी इंजिन पळतंय हे बघून ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे. मग तो पेट्रोल बंद करतो. रेस पडते. पडली की घाबरून पुन्हा चालू करतो. "त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण द्वारकेला उभे आहोत ते," चाचा म्हणाले.

त्या दिवशी चाचांनी तीन गोष्टी केल्या. पहिली ब्रेकची. इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबायला लावलं, कडक झालं. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट मारायला सांगितलं. पेडल पायाखाली हळूच खाली गेलं. म्हणजे मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकला जोर देणारा बूस्टर आणि त्याचा जाड पाइप शाबूत. ही चाचणी घरी कुणीही करू शकतं, आणि कसारा घाट उतरायच्या आधी करावी असं माझं मत झालंय, कारण तो पाइप गेला तर रेसच्या आधी ब्रेकची काळजी.

दुसरी, कार्ब क्लीनरचा स्प्रे. चालू इंजिनवर जोडांजवळ बारीक फवारा मारायचा. फट असेल तर क्लीनर आत खेचला जातो आणि रेस बदलते. चाचांनी सगळीकडे मारला. काही नाही. (गरम सायलेन्सरजवळ तो पेटू शकतो. चाचांनी कानावरची विडी आधी खिशात टाकली, एवढीच त्यांची सेफ्टी. मी असते तर नुसतं पाणी मारलं असतं.)

तिसरी, पाइप चिमटून बघणं. फडकं गुंडाळून पक्कडने एकेक पाइप दाबायचा. ज्याला दाबल्यावर रेस सरळ होते, चोर त्याच्या पलीकडे. इथेही काही नाही.

कारण गाडी गरम होती. पंचवटीहून घरचं सगळं आवरून, बाजार करून मी दुपारी एक वाजता चाचांकडे पोचले होते. आणि गरम झाली की ती शहाणीच असते, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. सकाळी थंड इंजिनची रेस तशीही चढलेली असते, म्हणून सकाळच्या घोरण्याकडे मी दुर्लक्ष करायचे. पण थंडीची चढलेली रेस स्थिर असते आणि हळूहळू उतरते. ती झोके घेत नाही.

"रात्री इथेच ठेवा, सकाळी थंड असताना बघू," चाचा म्हणाले. मी म्हटलं, नको, रविवारी मीच बघते. त्यांनी मान हलवली, जशी माझ्या लेकीने स्वयंपाक करते म्हटल्यावर मी हलवते तशी.

ऑफिसातल्या एकाकडून मोबाइलला जोडायचा, गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर आणला. जानेवारीतला रविवार, सकाळी साडेसहा, निफाडकडचा गारठा पंचवटीपर्यंत आलेला. पार्किंगमध्ये मी, लेक आणि वॉचमनकाकांचा चहा. आधी नुसती चावी ऑन केली: ९५ किलोपास्कल. बरोबर, सेन्सर खोटं बोलत नाही. स्टार्ट केली. फेरे ९५० ते १,४०० मध्ये झोके घेतायत आणि दाब ४५ च्या आसपास नाचतोय. वीस मिनिटं चालू ठेवली. बोनेटखाली ऊब धरली तसे झोके मंदावले आणि शेवटी ८०० फेरे, ३४ किलोपास्कलवर गाडी गाय होऊन उभी राहिली. म्हणजे थंडीत फट उघडते, गरमीत मिटते. रबर किंवा प्लास्टिक. दुसरं काही असं वागत नाही.

आता ती थंड व्हायला दोन तास. तोवर मिसळ खाऊन आलो. जागा सांगत नाही, त्यावरून नाशिकमध्ये भांडणं होतात.

परत आल्यावर मी कारखान्याची युक्ती उलटी केली. हवा आत जाते म्हणून फुगा येत नाही ना, मग आतून हवा सोडू. इंजिन बंद. घरचा व्हॅक्युम क्लीनर खाली आणला आणि त्याचा पाइप मागच्या बाजूला, हवा फेकणाऱ्या तोंडाला लावला. दुसरं टोक एअर फिल्टरच्या नळीत, भोवती जुना टॉवेल. घट्ट बसवायचं नाही, बाजूने थोडी हवा निसटू द्यायची, नाहीतर ती इंजिनच्या पोटात जाऊन ऑइलची सीलं बाहेर ढकलते. कारखान्यातली साडेसहा बार इथे चुकूनही लावायची नाही. क्लीनरची फुंकर पुरे. लेकीने आत बसून ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरला, म्हणजे केबलने झडप उघडी राहील. मी काच पुसायच्या बाटलीत भांड्याचा साबण आणि पाणी घेऊन वाकले.

थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, कोरडं. मॅनिफोल्डची कड, काही नाही. इंजेक्टरच्या मुळाशी, काही नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप, चाचा बरोबर होते. मग पीसीव्हीचा पाइप. इंजिनात खाली जमणारी वाफ परत मॅनिफोल्डमध्ये ओढून घेणारा हा बोटाएवढा पाइप. आतून तेलकट वाफ, बाहेरून इंजिनची ऊब, त्यामुळे सगळ्यात आधी हाच म्हातारा होतो. वरून धडधाकट दिसत होता. खालच्या बाजूला, जिथे डोळा जात नाही आणि हात मनगटापर्यंतच जातो, तिथे फवारा मारला आणि मोबाइलचा कॅमेरा खाली धरला.

स्क्रीनवर फेस होता. नुसता फेस नाही, द्राक्षाच्या घडासारखे फुगे, एकावर एक.

आणि फुग्यांच्या मधोमध काळी कड दिसली, तिच्यावर शंकरपाळ्यासारख्या खाचा, दोन्ही बाजूंना पिळलेली गंजकी तार. मला तो तुकडा ओळखायला एक सेकंद लागला नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या जोडायचा जॉइनर होता तो. बारा एमएमचा. पिंपळगावला आमच्या शेडमध्ये त्यांची गोणी पडलेली असते, लहानपणी आम्ही त्यांच्या शिट्ट्या करायचो. आणि तार द्राक्षबागेची, तिला पिळा देण्याची ती पद्धत जगात एकाच माणसाची आहे.

पाइप मध्ये कुणीतरी कापला होता, तडकलेला भाग काढून टाकून दोन टोकं जॉइनरवर चढवली होती आणि वरून तार आवळली होती. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू. पण जॉइनर शेतातल्या नळीसाठी बनवलेला, बोनेटखालच्या उष्णतेसाठी नाही. तो वाळून कडक झाला होता आणि त्याला उभी तडा गेली होती, नखात अडकेल एवढी. गरम झाला की फुगून तडा मिटायची, थंडीत आ वासायची. चाचांनी पाइप चिमटला होता तो वरच्या बाजूला, हाताला येईल तिथे. तडा त्याच्या खाली, मॅनिफोल्डकडे. चिमटून काय होणार?

सोमवारी चाचांकडे नवा पाइप बसवला, कंपनीचा, १९० रुपये, दोन नव्या क्लिपा त्यांनी फुकट दिल्या. शिवाय पीसीव्हीचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. खडखड वाजला, म्हणजे चालू आहे. मजुरी घेईनात, शंभर रुपये जबरदस्तीने ठेवले. बॅटरीची काळी वायर दहा मिनिटं काढून ठेवली, म्हणजे ईसीयू जुन्या सवयी विसरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडीत, आधी १,३०० फेरे, मग सावकाश उतरत ८०० आणि ३३ किलोपास्कल. झोका नाही. द्वारकेला चार मिनिटं उभी होते, शेजारी रिक्षावाला होता, त्याने बघितलंसुद्धा नाही.

जॉइनर मी धुऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आणि संध्याकाळी अण्णांना फोन केला.

"अण्णा, गाडीत जॉइनर तुम्ही बसवला का?"

"कोणता?"

"इंजिनात. ठिबकचा."

थोडा वेळ टीव्हीचा आवाज आला. मग म्हणाले, "हां. ते व्हय. एकवीस साली गाडी इथंच होती ना तुझी. मे महिना. तुझ्या आईला लशीला न्यायचं होतं, अन् गाडी नुसती बोंबलत होती. गॅरेजं सारी बंद. मग काय करणार? पाइप चिरला होता, कापला अन् दिला लावून."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? नीट झाली होती."

साडेतीन वर्षं नीट होती, हे मला मान्य करावं लागलं. आईचे दोन्ही डोस त्याच जॉइनरवर झाले. ४,३५० चा आकडा मी सांगितला नाही.

"मग आता काय लावलं?" अण्णांनी विचारलं.

"नवा पाइप. एकशेनव्वदचा."

"एकशेनव्वद?" अण्णा म्हणाले. "जॉइनर पाच रुपयाला येतो."